घडीचा चाकू हातावर का मिटतो, आणि लॉक नेमकं कुठं कामाला येतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पलूसकडं नवी द्राक्षबाग, डॉगरीज जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या झाडावर, कलमं बांधायचं काम चालू. ऑनलाइन मागवलेल्या घडीच्या चाकूनं खुंट चिरताना पातं मध्येच अडकलं, तुम्ही सिकेटरच्या (छाटणीच्या कात्रीच्या) मुठीनं पात्याच्या टोकाकडं दोन ठोके दिले आणि चाकू तर्जनीवर मिटला. चार टाके पडले. आता तुम्ही विचारताय की लॉकचा चाकू असता तर हे टळलं असतं का, कुठल्या प्रकारचं लॉक सगळ्यात भक्कम, आणि वडील म्हणतात तसा लॉकचा चाकू जवळ ठेवणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण आहे का.

मी तासगावात शेती अवजारांचं दुकान चालवतो आणि मागच्या बाजूला धार लावायचं, किरकोळ दुरुस्तीचं काम करतो. ऑगस्ट-सप्टेंबरात कलमांच्या टोळ्या फिरायला लागल्या की सकाळी दुकान उघडायच्या आधीच कुणीतरी चाकूंची पिशवी शटरच्या कुलपाला अडकवून गेलेलं असतं. मिटणारे, डुगडुगणारे, गंजून बसलेले, सगळ्या तऱ्हेचे चाकू हाताखालून जातात. जे सांगतोय ते त्या बाकावरचं आहे. कुठलं पोलाद श्रेष्ठ यावर चाकूचे शौकीन रात्र रात्र भांडतात, त्यात मी पडत नाही. तुमच्या बोटाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

आधी बोटाचं बघू. टाके घातले म्हणजे डॉक्टरांनी पाहिलंच असेल, तरी घरी एकदा खात्री करा. त्या बोटाचं शेवटचं पेर एकटं वाकतं का? टोकाला हात लावलेला नीट कळतो का? चाकू मिटतो तेव्हा बोटाची आतली बाजू कापली जाते, आणि बोट वाकवणाऱ्या कंडरा आणि स्पर्शाच्या नसा नेमक्या त्याच बाजूला, कातडीखाली फार खोल नसतात. पेर वाकत नसेल किंवा टोक बधिर वाटत असेल तर वरून जखम भरत आलीय म्हणून थांबू नका. मिरज जवळ आहे, हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवून या. कंडरा तुटली असेल तर जितका उशीर होईल तितकं जोडणं अवघड होत जातं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं असेलच.

आता चाकूकडं वळू. कुठलं लॉक भक्कम हे विचारण्याआधी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे तुमच्या कामात पात्यावर जोर कुठल्या बाजूनं येतो.

चाकू उघडून समोर धरा, धार खाली. काडी कापताना तुम्ही मूठ खाली दाबता आणि काडी पात्याला वर ढकलते. म्हणजे पातं मिटण्याच्या नाही, आणखी उघडण्याच्या दिशेला रेटलं जातं. ते आणखी उघडू शकत नाही, कारण आत एक आडवी पिन असते किंवा पात्याचं बूड स्प्रिंगला टेकलेलं असतं. दार चौकटीला टेकून थांबतं तसं. कडी लागते ती दार उलट्या बाजूनं ढकललं तर, आणि लॉक म्हणजे ती कडी. साध्या सरळ कापण्यात लॉक काहीच करत नसतं, नुसतं बसून असतं. म्हणून तर बिनलॉकच्या चाकूनं लोक जन्मभर फळं कापतात, पेन्सिली तासतात आणि बोटं शाबूत राहतात.

पण पात्याच्या पाठीवर जोर आला की चित्र उलटं होतं. बागेत हे कधी कधी होतं ते सांगतो. पहिलं म्हणजे तुम्ही केलं तेच, टोकाकडं पाठीवर ठोका किंवा तळहातानं दाब. दुसरं, पातं लाकडात घट्ट बसलंय आणि ते सुटावं म्हणून मूठ खाली दाबून हलवणं. लाकडानं पातं पकडून ठेवलेलं असतं, मूठ खाली गेली की मूठ आणि पातं यांच्यातला कोन कमी होतो, म्हणजेच चाकू मिटायला लागतो. हेच मूठ वर उचलून काढलं तर तसं होत नाही. तिसरं, टोक खुपसणं. ठिबकच्या नळीला भोक पाडायला किंवा खताच्या पोत्याची शिवण उसवायला टोक घुसवलं, ते अडकलं आणि हाताचा जोर सरळ रेषेतून जरा खाली गेला, की पातं वळतं. आणि चौथं, जे कुणाच्या लक्षात येत नाही: मंडपाखाली हात वर करून काम करताना पात्याची पाठ तारेला किंवा अँगलला जोरात लागते.

आता हा जोर किती, याचा साधा हिशेब. तुमचं पातं साधारण 8 सेंटीमीटरचं असेल. पातं ज्या पिनवर फिरतं तिच्यापासून लॉक जिथं पात्याच्या बुडाला अडतं ते अंतर 8 मिलीमीटर धरा. म्हणजे दहास एक अशी तरफ झाली. टोकापाशी पाठीवर 5 किलोचा दाब आला तर लॉकच्या त्या एवढ्याशा कडेवर 50 किलोचा येतो. आणि हा झाला शांतपणे दिलेल्या दाबाचा हिशेब. सिकेटरच्या मुठीचा ठोका क्षणभरच असतो, पण त्या क्षणात जोर कितीतरी जास्त असतो. बिनलॉकच्या चाकूत हे सगळं एका पाठच्या स्प्रिंगनं पेलायचं असतं, आणि ती स्प्रिंग तर तुम्हाला अंगठ्यानं पातं मिटवता यावं एवढीच कडक ठेवलेली असते. ती पेलणार कशी?

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, चांगलं लॉक असतं तर त्या दिवशी बोट बहुतेक वाचलं असतं. पण तेच ठोके रोज खाऊन लॉकची कड दबत गेली असती आणि कधीतरी, ज्या दिवशी तुम्ही त्याच्या भरवशावर निर्धास्त असता, तेव्हा ते सुटलं असतं. ठोक्याच्या कामाला घडीचा चाकूच नको.

हे नुसतं माझं मत नाही, जुन्या कारागिरांनी चाकू बनवतानाच हा विचार केलेला दिसतो. अमेरिकन सैन्याच्या सिग्नल विभागातले तारवाले जो घडीचा चाकू वापरायचे, टीएल-29 नावाचा, त्याला दोन पाती असायची, एक कापायचं आणि एक स्क्रू ड्रायव्हरचं. लॉक होतं ते स्क्रू ड्रायव्हरला, कापायच्या पात्याला नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं की उलटं वाटतं. पण वायरीचं आवरण सोलताना जोर धारेवर येतो आणि स्क्रू पिळताना टोकावर दाब आणि पीळ दोन्ही येतात, मग कडी कुठं लावायची हे उघड आहे. स्विस कंपनीचा तो लाल चाकूही बघा. कार्ल एल्सनरनं 1897 मध्ये त्याचं मूळ रूप नोंदवलं, आणि आजही खिशातल्या नेहमीच्या 91 मिलीमीटरच्या आकारात मोठ्या पात्याला लॉक नसतं.

तुमच्या टोळीत असा बिनलॉकचा चाकू कुणाकडं असेल तर लगेच फेकायला सांगू नका. डोळेकाडीला, म्हणजे खुंटात बसवायच्या काडीला, पाचर तासायला तो उत्तम. तासताना जोर नेहमी धारेवर असतो. फक्त पातं अर्ध्यावर आणल्यावर टक् करून थांबतं का ते बघा. असा अर्धा थांबा असलेला चाकू चुकून मिटला तरी मध्ये एकदा अडतो, तेवढ्यात हात काढता येतो. अगदीच मऊ झालेली स्प्रिंग असेल तर तो चाकू भाजीला द्या.

आता लॉकचे प्रकार. सगळे सांगत बसत नाही, आपल्या बाजारात आणि ऑनलाइन जे दिसतात तेवढेच.

सगळ्यात सोपं आणि माझ्या आवडीचं म्हणजे कड्याचं लॉक. फ्रान्समधल्या सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेलनं 1890 मध्ये लाकडी मुठीचा साधा चाकू काढला, त्याला लॉक नव्हतं. 1955 मध्ये त्याच घराण्यातल्या मार्सेलनं मुठीच्या तोंडाशी फिरणारं कडं बसवलं. कड्याला एक फट असते. फट पात्यासमोर आली की पातं मोकळं, कडं फिरवलं की पात्याच्या बुडामागं लोखंड आडवं येतं. आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं, लॉक लागलंय की नाही हे दुरूनही कळतं, आणि डाव्या-उजव्या दोन्ही हातांना चालतं. नव्या चाकूत मिटलेल्या स्थितीतही कडं लावता येतं, म्हणजे खिशात उघडायची भीती नाही. दोन कुरकुरी आहेत. कडं आपोआप लागत नाही, आठवणीनं फिरवावं लागतं, आणि घाईतला माणूस नेमकं तेच विसरतो. दुसरं, मूठ लाकडाची असल्यानं पावसाळ्यात फुगते आणि पातं मुठीत आवळून बसतं. जतच्या माणसाला त्रास होणार नाही, पण कोयनेच्या खोऱ्यात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तो चाकू दोन हातांनीही उघडता येईल याची खात्री देत नाही.

मग येतं पाठीवरचं लॉक. मुठीच्या पाठीला एक पोलादी दांडी असते, तिच्या पुढच्या टोकाला दात. पातं पूर्ण उघडलं की तो दात पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतो. मागच्या बाजूला किंवा मधोमध दांडी दाबली की दात उचलला जातो. अमेरिकेतल्या बक कंपनीनं 1964 मध्ये 110 नंबरचा चाकू आणला तेव्हापासून हे लॉक घरोघरी पोचलं, आणि आज रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त नकलाही बहुतेक त्याच्याच असतात. रचना भक्कम. पण सगळा खेळ त्या खाचेचा. खाचेत कचरा बसला तर दात पूर्ण खाली पडत नाही आणि लॉक लागल्यासारखं फक्त वाटतं.

याचा एक नमुना गेल्या हंगामात आला होता. पाठीवर जरा जोर दिला की चाकू मिटायचा, मालक म्हणत होता स्प्रिंग गेली. भिंगाखाली खाच बघितली तर तळाला तपकिरी, चामड्यासारखा कठीण थर: सालीचा भुगा, माती, वर तेल. कुणीतरी सल्ला दिला म्हणून त्यानं महिनाभर रोज तेल सोडलं होतं आणि तेलानं धूळ धरून ठेवली होती. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला, सकाळी आगकाडीच्या टोकानं थर खरवडला, दात आत गेल्याचा आवाजच बदलला. आधी टिक् वाजायचं, आता टॉक्. तेवढंच काम होतं.

पाठीवरच्या लॉकचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवा. मूठ खूप आवळून धरली की तळहाताचा मांसल भाग सोडवायच्या दांडीवर दाब देऊ शकतो. म्हणून चांगल्या चाकूत दांडीच्या त्या जागी थोडा खोलगटपणा दिलेला असतो. घेताना हे बघा.

तिसरं लायनर लॉक. मुठीच्या आत जी पातळ पत्र्याची पट्टी असते तिचाच एक भाग कापून आत वाकवलेला असतो. पातं उघडलं की ती पट्टी आपणहून सरकून बुडामागं येऊन बसते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिरानं त्याला आजचं रूप दिलं. मघाशी सांगितलेल्या तारवाल्यांच्या चाकूत तशी पट्टी आधीपासून होतीच. हे लॉक स्वस्तात बनतं, एका हातानं उघडतं आणि मिटतं, म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या चाकूंत याचाच भरणा. अडचण अशी की भरवसा पत्र्याच्या जाडीवर आणि पट्टी व पात्याच्या बुडाचा कोन किती अचूक घासलाय यावर असतो, आणि हे दोन्ही फोटोत दिसत नाही. पट्टी बुडाच्या रुंदीवर कुठवर आलीय ते उजेडात धरून बघा. नव्या चाकूत ती साधारण पाव ते अर्ध्या रुंदीपर्यंत यावी. जेमतेम कडेला टेकत असेल तर पीळ बसल्यावर निसटेल. पार पलीकडच्या भिंतीला टेकली असेल तर लॉक झिजत आलंय. आणि पिळाचं काम, म्हणजे पातं लाकडात अडकल्यावर डावी-उजवीकडं मुरगळणं, या लॉकला सगळ्यात जास्त झोंबतं.

तीच कल्पना जाड करून मुठीची एक अख्खी बाजूच पट्टी म्हणून वापरली की झालं फ्रेम लॉक, क्रिस रीव्ह यांनी रूढ केलेलं. त्यात चाकू आवळून धरला की तुमची बोटंच पट्टीला जागेवर दाबून ठेवतात, हा मोठा फायदा. आडव्या दांडीचं लॉकही हल्ली खूप दिसतं. बेंचमेड कंपनीनं ते 1998 मध्ये बाजारात आणलं, आता अनेक कंपन्या तशी लॉक बनवतात. मुठीच्या दोन्ही बाजूंना छोटी बटणं, ती मागं ओढली की पातं मोकळं. मजबूत आहे, दोन्ही हातांना चालतं. पण दांडी पुढं रेटणाऱ्या स्प्रिंगा केसासारख्या बारीक तारेच्या असतात. त्या तुटल्या तर तासगावात काय, सांगलीतही मिळायच्या नाहीत. म्हणून शेतकामाला मी ते सहसा सुचवत नाही. हे माझ्या दुरुस्तीच्या सोयीवरून बनलेलं मत आहे, वापरणारे खूश असतात.

इथं एक विषय लोक नेहमी सोडून देतात: मिटवताना. दुकानात बोटाला फडकं गुंडाळून येणाऱ्यांना विचारलं तर निम्मे जण सांगतात की काम संपलं होतं, चाकू बंद करत होतो. लॉकच्या चाकूत हे जास्त होतं, कारण लॉक सोडवायला बोट कुठंतरी घालावं लागतं. लायनर लॉकमध्ये अंगठा थेट पात्याच्या वाटेत असतो. पद्धत अशी ठेवा. डाव्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ धरा, उजव्या अंगठ्यानं पट्टी बाजूला सारा, पातं थोडंसं मिटू द्या आणि थांबा. अंगठा बाहेर काढा. मग पाठीवर तळहात ठेवून उरलेलं मिटवा, बोटं मुठीच्या कडेला सपाट. मांडीवर दाबून मिटवायची सवय असेल तर मोडा, मांडीत मोठ्या रक्तवाहिन्या असतात. आडव्या दांडीच्या लॉकमध्ये बोट वाटेत येत नाही खरं, पण पातं एकदम सैल सुटून खाली पडतं, तेही सवय नसताना दचकवतं.

द्राक्षवाल्यांसाठी एक खास गोष्ट. बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावलेल्या खोडावर चाकू चालवला किंवा त्याच हातानं चाकू धरला, तर मोरचूद पोलादाला खातो. पात्यावर तांबूस गुलाबी झाक दिसते ना, तो गंज नाही, तो मोरचुदातला तांब्याचा थर पोलादावर चढलेला असतो, आणि त्याच्या बदल्यात पोलाद विरघळलेलं असतं. पात्यावर असला तर घासून जातो. पण लॉकची कड, स्प्रिंग, फिरायची पिन इथं गेला की आतून खड्डे पडतात आणि लॉक बसायची जागा बदलते. चाकू निर्जंतुक करायला काही जण हायपोक्लोराइटच्या बाटलीत उघडा बुडवून ठेवतात, त्यानंही तेच होतं. स्पिरिटच्या बोळ्यानं पातं पुसा. आणि बोर्डो लागला असेल तर त्याच संध्याकाळी साध्या पाण्यानं धुऊन, फडक्यानं कोरडा करून, फिरायच्या पिनवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. एकच. लायनर आणि फ्रेम लॉकमध्ये पट्टी जिथं पात्याला टेकते त्या कडेवर तेल-ग्रीस अजिबात नको, ती जागा कोरडी असली तरच पकडते.

लॉक नीट आहे का हे बघायला यूट्यूबवर लोक चाकूची पाठ टेबलावर धाडकन आपटतात. तसं करू नका, चांगलं लॉक त्यानंच बिघडेल. चाकू उघडा, मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा, एकही बोट पात्याच्या वाटेत नको. जाड फडकं घातलेल्या लाकडावर पाठ टेकवून हळूहळू दाब वाढवा, मग थोडा डावी-उजवीकडं पीळ देत परत दाबा. सरकल्यासारखं वाटलं तरी चाकू नापास. मग पात्याचं टोक धरून हलवून बघा. डावी-उजवीकडं डुगडुगत असेल तर फिरायच्या पिनचा स्क्रू सैल आहे, पाव फेरा आवळला की भागतं. वर-खाली डुगडुगत असेल तर दोष लॉकचा आहे, स्क्रूनं जाणार नाही. रिव्हेटचा चाकू असेल आणि डुगडुग आली असेल तर हातोडीनं रिव्हेट ठोकून घट्ट करता येतं, पण लॉकचा नेम बिघडणार नाही इतपतच, ते करणाऱ्याकडून करून घ्या.

मग तुम्ही घ्यायचं काय? कामाचे दोन भाग पाडा. खुंट चिरायला सरळ, न मिटणारा, आखूड पात्याचा चाकू. खुंट दीड फुटावर कापल्यावर मधोमध चार-पाच सेंटीमीटर खाली चीर द्यायची असते. पेन्सिलीएवढ्या खुंटाला धार चांगली असेल तर ठोका लागतच नाही, पातं पुढं-मागं डोलवत उतरवलं की जातं. ठोका लागतोय याचा अर्थ धार गेलीय किंवा खुंट जास्त जून झालाय. डोळेकाडी तासायला आणि बाकी किरकोळ कामाला घडीचा चाकू, पाठीवरच्या लॉकचा किंवा कड्याचा. लायनर लॉकचा हातात आलाच असेल तर वरच्या परीक्षेत पास झाला तरच ठेवा. आणि लॉक कसलंही असो, मुठीच्या पुढच्या टोकाला बोट अडवणारी उंची आहे का बघा. ओल्या हातानं टोक खुपसताना बोट धारेवर सरकतं त्याला जगातलं कुठलंच लॉक थांबवत नाही.

वडिलांच्या काळजीचं. त्यांच्या डोळ्यांसमोर रामपुरी असणार, आणि त्या पिढीला तेच दिसणार. पण बटण दाबताच पातं झटक्यात बाहेर उडतं तो प्रकार वेगळा आणि उघडल्यावर पातं अडकून राहतं तो वेगळा. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. तुमचा तीन इंचांचा कलमाचा चाकू त्यात कुठंच बसत नाही. तरी जत्रेच्या बंदोबस्तात किंवा मिरवणुकीत तो खिशात ठेवून फिरायचं कारण नाही, तिथं नियम वाचून दाखवायला कुणी थांबत नाही. विमानात हातातल्या बॅगेत नेता येत नाही. गंमत म्हणून सांगतो, इंग्लंडात कायदा उलट्या बाजूनं बघतो. तिथं तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू कारण न देता खिशात ठेवता येतो, पण त्याला लॉक असेल तर ती सवलत जाते. कामगाराच्या बोटाला जे हवं असतं तेच तिथल्या पोलिसाला संशयास्पद वाटतं. त्यामुळं परदेशी साइटवर एखाद्या चाकूचं 'बिनलॉकचा' म्हणून कौतुक वाचलंत तर ते तिथल्या कायद्यामुळं असू शकतं.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की टोळीतला एक पोरगा डावखुरा आहे आणि तोच सारखा कापून घेतो. त्याचा चाकू वेगळा काढून बघा. कलमाच्या बऱ्याच चाकूंना एकाच बाजूनं धार असते, सपाट बाजू उजव्या हाताच्या हिशेबानं. डाव्या हातात तो धरला की काप सपाट येत नाही, पातं लाकडात खाली ओढलं जातं, आणि पोरगा ते सावरायला मनगट मुरगळतो. वर लायनर लॉक असेल तर त्याची पट्टीही उजव्या अंगठ्यासाठी असते. डाव्या हातात आवळून धरताना बोटांची टोकं नेमकी पट्टीवर येतात आणि तो नकळत लॉक सोडवत असतो. त्याला डाव्या हाताच्या धारेचा चाकू मागवून द्या. मिळाला नाही तर दोन्ही बाजूंनी सारखी धार असलेला, कड्याचा किंवा पाठीवरच्या लॉकचा चालेल. धार उलटी करून हवी असेल तर चाकू माझ्याकडं पाठवा. पण घासताना पातं बरंच उतरतं, म्हणून आधीच झिजलेला पाठवू नका, नवाच द्या.